डोळे चोळायचे नाहीत, मग करायचं काय?

फेब्रुवारी संपत आला की ठाण्यातल्या माझ्या ओपीडीत एक दृश्य ठरलेलं असतं. बाकावर बसलेला मुलगा दोन्ही मुठींनी डोळे चोळतोय आणि आई दर अर्ध्या मिनिटाला त्याचा हात खाली ओढतेय. डोळ्यांच्या अ‍ॅलर्जीबद्दल या वेळी आलेल्या वाचकांच्या पत्रांतही तीच जोडी बरीच भेटली.

प्रश्न : मुलगा आठ वर्षांचा आहे. आम्ही घोडबंदर रोडला, मानपाड्याजवळ राहतो. तीन वर्षं झाली, होळीच्या सुमारास त्याचे डोळे लाल होतात, खूप खाज येते, उन्हात डोळे उघडवत नाहीत. पहिल्या वर्षी मिळालेले ड्रॉप्स दोन दिवसांत लागू पडले, म्हणून दरवेळी मेडिकलमधून तेच आणतो. चिठ्ठी हरवली, पण बाटलीचा फोटो मोबाइलमध्ये आहे. चालेल ना?

नाही चालणार. आधी तो फोटो मोठा करून नावाखालची बारीक अक्षरं वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल यांपैकी काही दिसलं, तर ते स्टेरॉइड आहे. बऱ्याचदा ते अँटिबायोटिकसोबत एकाच बाटलीत असतं आणि घरात त्याला ‘इन्फेक्शनचे ड्रॉप्स’ म्हणतात. दोन दिवसांत गुण येतो तो बहुधा त्याचाच.

स्टेरॉइड मीही देतो. पण दिवस मोजून, आणि मधूनमधून डोळ्याचं प्रेशर बघून. न तपासता महिनोन्‌महिने चालू राहिलं तर प्रेशर चढू शकतं आणि काचबिंदू होऊ शकतो. मोतीबिंदू कोवळ्या वयात होऊ शकतो. यात फसवणूक अशी की चढलेलं प्रेशर मुलाला सहसा जाणवतच नाही. डोळा पांढराशुभ्र दिसतो, खाज थांबलेली असते, घरचे खूश असतात. काचबिंदूने गेलेली नजर मात्र परत आणता येत नाही. त्यामुळे तो फोटो घेऊन याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडे जा, प्रेशर मोजायला सांगा. ड्रॉप्स सध्या चालू असतील तर ते कसे थांबवायचे, हेही तिथेच विचारा.

तुमच्या वर्णनावरून हा आजार वर्नल, म्हणजे डोळ्यांची एक जुनाट अ‍ॅलर्जी, असण्याची शक्यता आहे. वर्नल म्हणजे वसंतातला. नाव थंड देशांत पडलं. आपल्याकडच्या उष्ण हवेत तो वर्षभर धुमसतो आणि ऊन तापलं की उसळतो. बहुतेककरून मुलग्यांना होतो, दहा वर्षांच्या आत सुरू होतो आणि वयात येताना बहुतेकांचा आपोआप ओसरतो. आम्ही वरची पापणी उलटून बघतो, तेव्हा आत गोटे बसवलेल्या फरशीसारखे उंचवटे दिसतात. प्रत्येक उघडझापीला ते बुबुळावर घासतात, म्हणून उजेड सहन होत नाही. चिपडं चिकट, पांढरट आणि दोऱ्यासारखी असतात. ओढली की लांबत जातात. मुलांना ती बोटाने ओढून काढायची भारी हौस. ती मोडायला हवी.

आता चोळण्याबद्दल. चोळलं की अ‍ॅलर्जीच्या पेशींतून खाजेचं रसायन आणखी सुटतं, म्हणून मिनिटभर बरं वाटतं आणि मग दुप्पट खाज येते. वर्षानुवर्षं चोळत राहिल्याने बुबुळाचा पारदर्शक पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढे येऊ शकतो. त्याला केराटोकोनस म्हणतात. चष्म्याचा सिलिंडर नंबर दर सहा महिन्यांनी बदलत असेल, तर बुबुळाचा नकाशा काढणारी टोपोग्राफी करून घ्या.

मग करायचं काय? स्वच्छ रुमाल उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवा, पिळा, डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा. खाज आली की मिटलेल्या डोळ्यांवर पाच मिनिटं ठेवा. बर्फ थेट लावू नका. ‘चोळू नको’ म्हणण्यापेक्षा ‘जा, रुमाल आण’ म्हणणं मुलाला पटतं, हा माझा अनुभव. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले अश्रूंसारखे ड्रॉप्स गार करून घातले तर धूळ धुतली जाते आणि बरंही वाटतं. मूळ औषध म्हणून ओलोपॅटाडिन किंवा केटोटिफेनसारखे ड्रॉप्स देतात. ते खाज आली त्या दिवसापुरते नसतात. मोसमभर रोज घालायचे असतात, आणि शक्यतो मोसम सुरू व्हायच्या आधीपासून. एवढ्याने भागलं नाही तर सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस आहेत. स्टेरॉइडवरचं अवलंबून राहणं त्यांनी सुटतं, पण ती तपासणीनंतरच.

प्रश्न : आमची सोसायटी खारघरला आहे. आवारातल्या पिवळ्या फुलांच्या झाडांमुळे सगळ्यांना अ‍ॅलर्जी होते, ती तोडून टाकू, असं कमिटीतले काहीजण म्हणतात. डॉक्टर म्हणून तुमचं मत द्याल का?

देतो, पण कमिटीला ते आवडणार नाही. तुमचं झाड बहुधा सोनमोहर असावं. रंगीत, ठसठशीत फुलं कीटकांना बोलावण्यासाठी असतात. त्यांचे परागकण जड नि चिकट, फार लांब उडत नाहीत. त्रास देतात ते वाऱ्यावर पराग सोडणारे: गवतं, सुरूची झाडं, ज्यांची फुलं कोणाच्या नजरेतही भरत नाहीत. आपल्याकडे गवताचा जोर तर पावसाळा सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात असतो. म्हणजे मार्चमधला गुन्हेगार आवारातलं झाडच असेल, असं मुळीच नाही. या दिवसांत हवा कोरडी, रस्ते खोदलेले, बांधकामं जोरात. शिवाय गादी-उशीतले, डोळ्यांना न दिसणारे माइट नावाचे बारीक जीव वर्षभर आपल्याबरोबर झोपतात. खाज सकाळी उठल्याउठल्या सर्वांत जास्त असेल, तर मला आधी उशीचा संशय येतो.

अभ्रे आणि चादरी आठवड्याला साठ अंशांच्या पाण्यात धुवा. कोरड्या झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसा. एसीची जाळी काढून धुवा. बाहेरून आल्यावर आणि रात्री झोपण्याआधी चेहरा आणि केस धुवा, नाहीतर दिवसभराची धूळ उशीवर जाते. दुचाकीवर हेल्मेटची काच खाली असू द्या. आणि हो, १९७५ च्या महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे शहरात झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. आमच्या चिठ्ठीवर ते काम होत नाही.

प्रश्न : मी ऐरोलीच्या एका शाळेत शिक्षिका आहे. लाल डोळ्यांचं मूल वर्गात आलं की पालक म्हणतात, ‘बाई, ही अ‍ॅलर्जी आहे.’ डोळे आलेत की अ‍ॅलर्जी, हे कसं ओळखायचं?

अ‍ॅलर्जीत खाज मुख्य असते, त्रास दोन्ही डोळ्यांना असतो आणि अनेकदा जोडीला शिंका. डोळे येतात तेव्हा सुरुवात बहुधा एका डोळ्यापासून होते, दुसरा दिवसा-दोन दिवसांनी धरतो. खाजेपेक्षा खुपतं, सकाळी पापण्या चिकटून बसतात आणि घरात दोघा-तिघांना एकदम होतं. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर जी साथ आली, ती ही. अ‍ॅलर्जी शेजारच्या बाकावर जात नाही, त्या मुलाला घरी पाठवायची गरज नाही. खूप दुखत असेल, दिसायला धूसर झालं असेल किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसत असेल, तर मात्र नावाचा घोळ घालत बसू नका, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवा.

प्रश्न : मी कळव्याहून रोज वाशीला नोकरीला जाते आणि कॉन्टॅक्ट लेन्स वापरते. संध्याकाळी डोळे लाल होतात, चुरचुरतात. लालीवरचे ड्रॉप्स घातले की छान पांढरे होतात. सेटिरिझिन ही अ‍ॅलर्जीची गोळीही घेते. तरी जात नाही.

तुम्ही ‘चुरचुरतात’ लिहिलंत, ‘खाजतात’ नाही. हा फरक मोठा आहे. एसी, दिवसभर स्क्रीन आणि लेन्स, म्हणजे कोरडेपणा आधी धरायला हवा. सेटिरिझिनसारख्या गोळीने डोळे आणखी कोरडे पडू शकतात. लालीवरचे ड्रॉप्स रक्तवाहिन्या आकसवतात. परिणाम ओसरला की डोळा पूर्वीपेक्षा लाल होतो आणि माणूस पुन्हा बाटलीकडे वळतो. ते बंदच करा. लेन्सला दोन आठवडे सुट्टी द्या, चष्मा लावा. अ‍ॅलर्जी निघालीच, तर रोज नवी घालायची लेन्स बरी, आणि औषध घातल्यावर किमान पंधरा मिनिटांनी ती घाला. लेन्स नळाच्या पाण्याने कधीही धुऊ नका. त्यातल्या अकँथअमीबा या सूक्ष्मजीवामुळे बुबुळाला जी जखम होते, तिच्या उपचारात महिने जातात. होळीच्या दिवशी तर लेन्स नकोच.

प्रश्न : गुलाबजल, मध, काजळ यांतलं काय घालावं? आमच्या आईने आम्हा पाचही भावंडांना काजळ घातलं, कुणाला काही झालं नाही.

यातलं काहीच नको. बाजारातल्या काही सुरम्या-काजळात शिसं सापडलेलं आहे, आणि गुलाबजल नि मध डोळ्यासाठी निर्जंतुक केलेले नसतात. तुमच्या आईंच्या हाताला माझा नमस्कार, पण नातवंडाच्या डोळ्यात बोट नको.

प्रश्न : नातू सहा वर्षांचा आहे. नौपाड्यात आमच्याकडे राहतो, आई-वडील नोकरीवर. ड्रॉप्स घालताना रोज कुस्ती होते, अर्धी बाटली गालावर. डोळ्यात किती गेलं हे कसं कळायचं?

आजोबा, कुस्ती सोडा. त्याला उशीशिवाय उताणा झोपवा आणि डोळे गच्च मिटायला सांगा. नाकाजवळच्या कोपऱ्यात, मिटलेल्या पापणीवर, एक थेंब ठेवा. तिथे छोटं तळं होतं. मग म्हणा, ‘आता उघड.’ उघडला की औषध आपोआप आत ओघळतं. एक थेंब पुरे, कारण डोळ्यात त्याहून जास्त मावतच नाही. दुसरा गालावरच येणार. नंतर नाकाजवळचा कोपरा बोटाने मिनिटभर हलका दाबून धरा, म्हणजे औषध घशात उतरत नाही आणि ‘कडू लागतं’ ही तक्रारही येत नाही. दोन औषधं असतील तर मधे पाच मिनिटं जाऊ द्या. बाटलीचं तोंड पापणीला टेकवू नका. उघडल्याची तारीख पेनने बाटलीवर लिहा. बहुतेक ड्रॉप्स उघडल्यावर महिन्याभरात टाकायचे असतात. अर्धी शिल्लक राहिली तरी पुढच्या होळीसाठी जपून ठेवू नका.