पायातली कळ आणि चतुर्थीची घाई

(वाचकांचे प्रश्न, फिजिओथेरपिस्टची उत्तरं)

प्रश्न : ताई, माझं वय ४४. देवगड तालुक्यात आमची थोडी कलमं आहेत आणि घरापुरती भातशेती. मे महिना आंब्याच्या पेट्या भरण्यात गेला, जुलैत लावणी. लावणी उरकली आणि दुसऱ्याच दिवशी गोठ्यात पाण्याची बादली उचलताना कमरेत उसण भरली. कंबर आठवड्यात सुटली, पण डाव्या कुल्ल्यातून कळ सुरू झाली ती मांडीवरून, पोटरीच्या बाहेरच्या अंगाने थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत. शिंक आली तरी डोळ्यांपुढे काजवे चमकतात. अंगठा बधिर वाटतो. याला आता सहा-सात आठवडे झाले. एमआरआयमध्ये एल४–एल५ची (कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली) डिस्क बाहेर आलीय आणि नस दबलीय असं लिहिलंय. एक डॉक्टर ऑपरेशन करा म्हणतात, दुसरे म्हणतात महिनाभर पडून राहा. सासूबाई म्हणतात, ‘पायाळूची लाथ खा, उसण जातली.’ तीन आठवड्यांवर चतुर्थी आलीय, मुंबईची सगळी मंडळी येणार. तोपर्यंत मी उभी राहीन का?
— एक वहिनी, देवगड तालुका

उत्तर : वहिनी, पडून राहू नका, लाथ तर मुळीच खाऊ नका, आणि ऑपरेशनची तारीख घेण्याआधी हे वाचा.

त्याहीआधी घरातल्या घरात एक तपासणी करा. भिंतीला हात लावून आठ-दहा पावलं टाचांवर चाला, मग तेवढीच चवड्यांवर. डावं पाऊल वर उचलत नसेल, किंवा चालताना चप्पल पायातून निसटते आणि तुम्हाला पत्ताच लागत नाही असं होत असेल, तर नसेची ताकद जाते आहे. मग एक-दोन दिवसांत सर्जनला पाय दाखवायचा, चतुर्थीनंतर नव्हे. दुसरी गोष्ट बायका सांगायला लाजतात, म्हणून मी दवाखान्यात सरळ विचारते: लघवी तुंबते का, झालेली कळत नाही का, शौचावरचा ताबा सुटलाय का, दोन्ही मांड्यांच्या मधला, सायकलच्या सीटला टेकतो तेवढा भाग बधिर झालाय का? यातलं एकही ‘हो’ असेल तर ती तातडीची वेळ आहे. मणक्याच्या तळाशी असलेला नसांचा सगळा झुपकाच दबलेला असू शकतो, आणि तो मोकळा करायला उशीर झाला तर लघवीचं दुखणं जन्माला लागतं. रात्र असली तरी गाडी काढून जिल्हा रुग्णालय गाठायचं, आणि तिथून गोव्याचं बांबोळीचं मेडिकल कॉलेज म्हणाले तर बांबोळी. ताप, कारण नसताना वजन उतरणं, रात्री आडवं झाल्यावर वाढणारी कंबरदुखी हेही डॉक्टरांच्या कानावर घाला. मणक्याचा टीबी आपल्याकडे अजून दिसतो.

यातलं काही नाही, असं धरून पुढे लिहिते.

दोन मणक्यांच्या मध्ये जी चकती, म्हणजे डिस्क, असते तिचं कडं चिवट आणि आतला गर मऊ. उकडीच्या मोदकाची पारी एका अंगाला पातळ राहिली की सारण तिथूनच बाहेर येतं, तसा तो गर कड्याच्या कच्च्या जागेतून मागे सरकतो. तिथूनच पायाकडे जाणारी नस निघते. गर तिला नुसता दाबत नाही, चिडवतोही. तिला सूज येते, म्हणून शिंकेचा एवढा त्रास. तुमची कळ अंगठ्यापर्यंत जाते, म्हणजे पाचवी कंबरेची नस, आणि एल४–एल५ची चकती बहुतेक वेळा त्याच नसेला त्रास देते. म्हणजे तुमचा रिपोर्ट आणि तुमचा पाय एकच गोष्ट सांगताहेत. असं नेहमी जुळतंच असं नाही. १९९४ साली अमेरिकेत कंबर न दुखणाऱ्या ९८ जणांचा एमआरआय काढला, तर निम्म्याहून अधिक जणांची निदान एक चकती फुगलेली निघाली. त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. म्हणून पाकिटातून फिल्म काढून खिडकीच्या उजेडात धरणाऱ्या पेशंटला मी आधी बाकावर झोपवते आणि पाय सरळ ठेवून वर उचलून बघते. फिल्म नंतर.

आता चांगली बातमी. बाहेर आलेला गर तसाच कायम राहत नाही. शरीर त्याला परकं समजून हळूहळू शोषून घेतं, आणि गंमत म्हणजे कड्यातून पुरता सुटून आलेला मोठा तुकडा नुसत्या फुगवट्यापेक्षा जास्त वेळा विरघळतो. बहुतेकांची पायातली कळ सहा ते बारा आठवड्यांत बरीच उतरते. तुम्ही नेमक्या त्या पट्ट्यात आहात, म्हणून घाबरून जायला आणि घाईने ठरवायला हीच वेळ सर्वात वाईट.

ऑपरेशनचं म्हणाल तर डच लोकांनी २००७ साली एक चांगला अभ्यास छापला. तुमच्यासारख्याच, सहा ते बारा आठवडे कळ सोसलेल्या २८३ जणांपैकी निम्म्यांना लवकर ऑपरेशन दिलं, निम्म्यांना थांबायला सांगितलं. ऑपरेशनवाल्यांची कळ लवकर गेली, हे खरं. पण वर्षअखेर दोन्ही गटांत ९५ टक्के बरे झालेले होते. थांबलेल्यांपैकी दहातल्या साधारण चौघांनी मधल्या काळात सहन न होऊन ऑपरेशन करून घेतलं, हेही लपवत नाही. तेव्हा ऑपरेशन सुचवणारे डॉक्टर तुम्हाला फसवताहेत असं समजू नका. रात्रीची झोप उडाली असेल, महिनाभर आणखी कळ काढणं शक्य नसेल, तर तो सरळ आणि शहाणा रस्ता आहे. पावलात ताकद आहे आणि कळ थोडी का होईना कमी होतेय, तर थांबण्यात नुकसान नाही. ही निवड तुमची. मुंबईच्या दिरांची नव्हे.

पडून राहण्याचा सल्ला मात्र आता जुना झाला. १९९९ मध्ये डचांनीच सायटिकाच्या, म्हणजे तुमच्यासारख्या पायात उतरणाऱ्या कळेच्या, रोग्यांना दोन आठवडे अंथरुणात ठेवून बघितलं. बारा आठवड्यांनी झोपलेल्यांतले ८७ टक्के सुधारले आणि हिंडत्याफिरत्यांतलेही ८७ टक्केच. मग अंथरूण कशाला धरायचं? एखाद-दुसरा दिवस फारच ठणकलं तर पडा. उताणं पडून दोन्ही पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवल्या की बऱ्याच जणांना सुटल्यासारखं वाटतं. कुशीवर झोपलात तर गुडघ्यांमध्ये उशी. उठताना आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, मग हातावर रेटा देऊन बसा.

पालथं झोपूनही बघा. न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांचा एक पेशंट १९५६ साली चुकून छाती वर उचललेल्या टेबलावर पालथा पडून राहिला आणि त्याची आठवड्यांची पायातली कळ थांबली. पुढे त्यातूनच व्यायामाची एक पद्धत उभी राहिली. तुम्ही आधी नुसतं पालथं पडा, दोन मिनिटांनी कोपरांवर टेका. कळ पायातून वर कुल्ल्याकडे सरकली तर उत्तम, कंबर थोडी जास्त दुखली तरी चालू ठेवा. कळ खाली पावलाकडे उतरली तर लगेच थांबा, हा व्यायाम तुमचा नव्हे. दिवसातून चार-पाच वेळा अंगणात चाला, थोडंथोडं. शौचाला खाली बसावं लागत असेल तर काही आठवडे कमोडची खुर्ची आणा, आणि पोट साफ राहील एवढं पाणी, भाजी पोटात जाऊ द्या. कुंथलं की कळ शिंकेसारखीच मारते.

गोळ्या: सूज उतरवणारी पेनकिलर थोडे दिवस, जेवणानंतर, डॉक्टरांना विचारून. बीपी, मूत्रपिंड किंवा पित्ताचा त्रास असेल तर ते आधी सांगा. नसेच्या दुखण्यावर प्रेगाबालिनची गोळी सर्रास लिहिली जाते. २०१७च्या एका अभ्यासात सायटिकाला तिचा साध्या साखरेच्या गोळीपेक्षा जास्त उपयोग दिसला नाही, चक्कर मात्र जास्त आली. चालू असेल तर डॉक्टरांना हे विचारा, पण आपल्या मनाने एकदम तोडू नका.

पायाळूचं सांगते. माझ्याही आजोळी एक पायाळू काका होते, पहाटेपासून ओटीवर रांग. साधी उसण चार-आठ दिवसांत आपली आपण जाते, त्यामुळे काकांना यश यायचंच. पण ज्या चकतीचा गर आधीच नसेवर आलाय तिथे लाथ म्हणजे विकतचं दुखणं. सासूबाईंचा मान राखायचा तर त्यांना उंडीचं तेल कोमट करून चोळायला सांगा, निरगुडीचा पाला शेकायला सांगा. नसेपर्यंत ते पोचत नाही, पण आखडलेला स्नायू सैल होतो आणि मायेचा हातही लागतो. एकच करा: बधिर भागावर शेक नको. अंगठ्याला चटका कळत नाही आणि फोड आल्यावर समजतं. तव्यावरची मिठाची पुरचुंडी आधी दुसऱ्या कुणाच्या तरी हातावर लावून बघा.

आणि चतुर्थी. उभ्या राहाल, पण बसायचं कमी करावं लागेल. स्वीडनच्या आल्फ नाकेमसन यांनी १९६०च्या दशकात माणसांच्या चकतीत सुई घालून दाब मोजला होता: उभं राहण्यापेक्षा बसल्यावर जास्त, आणि बसून पुढे वाकल्यावर त्याहून जास्त. आडाळ्यावर एक पाय दुमडून, पुढे वाकून नारळ खवणं म्हणजे नेमकं तेच. यंदा टेबलाला अडकवायची हाताने फिरवायची खवणी आणा आणि उभ्याने खवा, नाहीतर खोवण्याचं काम जावेकडे द्या. मोदकही ओट्याशी उभ्याने वळा. एक पाय पाटावर, थोड्या वेळाने दुसरा. पातोळ्यांचं पीठ ढवळायला दुसरं कुणी. पाण्याची कळशी अर्धी भरायची आणि कमरेवर न घेता दोन हातांनी पोटाशी धरायची. गणपतीच्या डोक्यावरची माटवी बांधायला, पाट हलवायला पुरुष आहेत. त्यांनाही काही काम असू दे. आरती उभ्याने, नमस्कार हात जोडून. भजनाला खुर्ची दाराजवळ टाका आणि प्रत्येक गजरानंतर पडवीत फेरी मारून या. फुगडी पुढच्या वर्षी.

प्रश्न : मी रत्नागिरीत रिक्षा चालवतो, वय ५१. उजव्या पायाला मुंग्या येतात, कंबर दुखते. मेडिकलमधून पट्टा आणलाय, सकाळी बांधतो तो रात्री सोडतो. आयुष्यभर लावला तर चालेल का?

उत्तर : दादा, पट्ट्याने आजार बरा होत नाही. खड्ड्यांच्या लांब भाड्याला किंवा सामान चढवताना तास-दोन तास बांधा, एरवी काढा. दिवसभर बांधून तुम्ही स्नायूंना सुट्टी दिलीय.

मला दुसरंच विचारायचंय. पुढच्या सीटवर शेजारी पासिंजर घेता ना? म्हणजे तुम्ही अर्ध्या बैठकीवर, कंबर पिळून, एक कुल्ला बाहेर काढून बसता, आणि तसंच हँडल वळवता. रिक्षावाल्यांची कंबर मी याच एका सवयीवरून ओळखते. चौथं भाडं सोडायला जिवावर येईल, कायद्यानेही ते बसवायचं नसतंच, पण पंधरा दिवस सोडून बघा. मागच्या खिशातलं पाकीट पुढे घ्या. स्टँडवर नंबर लागेपर्यंत गाडीत बसू नका, उतरून चाला. विडी ओढत असाल तर तीही सोडा. ओढणाऱ्यांची कंबर जास्त दुखते असं आढळलंय. मुंग्या वाढल्या किंवा ब्रेकवरचा पाय कमजोर वाटला तर गाडी बाजूला लावून डॉक्टरांकडे. त्या पायावर पासिंजरांचा जीव आहे.

प्रश्न : वडील ७२ वर्षांचे, पूर्वी ट्रॉलरवर खलाशी होते. घरापासून बंदरापर्यंत चालले की दोन्ही पाय भरून येतात, बसले की पाच मिनिटांत मोकळे. सायकलवर मात्र कितीही लांब जातात! आठवडा बाजारातून ‘सायटिकाची जडीबुटी’ म्हणून पुड्या आणतात, त्याने फरक पडतो म्हणतात. भूकही वाढलीय. ही सायटिकाच का?
— मालवण

उत्तर : बहुतेक वेगळं आहे. चालल्यावर पाय भरणं, बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर सुटणं आणि सायकलवर त्रास न होणं, हे वयानुसार मणक्यातली वाट अरुंद झाल्याचं लक्षण. वाकलं की ती वाट थोडी उघडते, म्हणून हँडलवर झुकून ते मजेत जातात. सायकल बंद करू नका, तोच त्यांचा व्यायाम. पायांच्या रक्तवाहिन्या आकसल्या तरीही असंच काहीसं होतं, विशेषतः तंबाखू-विडीवाल्यांना, तेव्हा डॉक्टरांना पावलांची नाडी बघायला सांगा.

पण मला पायांपेक्षा पुड्यांची काळजी जास्त वाटते. अशा पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. त्याने दुखणं पटकन दबतं, भूक वाढते, चेहरा गोल दिसू लागतो, साखर आणि बीपी चढतं, हाडं ठिसूळ होतात. वडिलांचा दोन वर्षांपूर्वीचा फोटो काढा आणि आत्ताच्या चेहऱ्याशी ताडून बघा. याच आठवड्यात साखर आणि बीपी तपासून घ्या. उरलेली पुडी फेकू नका, डॉक्टरांना नेऊन दाखवा, आणि किती दिवसांपासून घेताहेत ते सांगा. बरेच महिने घेत असतील तर एकदम थांबवणंही धोक्याचं; ती कशी कमी करायची ते डॉक्टरच ठरवतील.