किनारा चालायचा तर आधी तिथी बघा

प्रश्न : आम्ही पाच जण, सगळे पन्नाशीपुढचे. नाशिकच्या गोदापार्कवर रोज सहा-सात किलोमीटर चालतो. कोकणचा किनारा दोन-दोन दिवसांचे टप्पे करून चालायचा आहे. सुरुवात कुठून करावी आणि दिवसाला किती चालावं? (गंगापूर रोड)

उत्तर : पहिल्या खेपेला दिवसाला आठ-दहा किलोमीटर पुरे. पुढे बारा-पंधरापर्यंत जाता येईल. नाशिकहून पहिला टप्पा बोर्डी ते डहाणू. त्र्यंबक, जव्हार, कासा, चारोटी करत डहाणूला पोहोचता येतं, मुंबईचा वळसा पडत नाही. अंतर साधारण १७ किलोमीटर, म्हणजे दोन सकाळींचं काम. किनारा सपाट, कडेला सुरूची झाडं. रेल्वे किनाऱ्याला समांतर असल्यामुळे बोर्डीजवळच्या घोलवड स्टेशनला उतरून डहाणू रोडला परतीची गाडी पकडता येते. घोलवडला मोजक्याच गाड्या थांबतात, तेवढं आधी बघून ठेवा. (घोलवडचे चिकू परतीच्या वाटेवर घेणं शक्य नाही, ते सुरुवातीलाच खा.)

डहाणूच्या दक्षिणेला आधी खाडी आडवी येते, पुढे तारापूर अणुऊर्जा केंद्राचा बंदिस्त परिसर. तिथे सलग चालण्याचा हट्ट सोडा. दुसरा टप्पा अलिबाग ते रेवदंडा धरा. अलिबाग आणि आक्षीच्या मधली साखर खाडी रस्त्यावरच्या पुलाने ओलांडायची, मग आक्षी, नागाव, चौल अशी वाळू.

प्रश्न : ओहोटी नेमकी किती वाजता, हे नाशिकमध्ये बसून कसं कळणार? (इंदिरानगर)

उत्तर : भिंतीवरच्या कॅलेंडरावरून. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. शुद्ध असो वा वद्य, हिशेब एकच. तृतीया असेल तर तीनची पाऊणपट सव्वादोन. दुपारी सव्वादोनच्या सुमारास पूर्ण भरती, आणि त्याआधी सहा तास, म्हणजे सकाळी सव्वाआठला पूर्ण ओहोटी. साडेसहाला निघालात तर दहापर्यंत ओली, घट्ट वाळू पायाखाली मिळते. दुसऱ्या दिवशी हीच वेळ साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. म्हणून दोन दिवसांच्या टप्प्याला द्वितीया-तृतीया किंवा तृतीया-चतुर्थी गाठा.

अष्टमीला गणित उलटं पडतं. सकाळी सहाला भरती, बाराला ओहोटी. वाळू उघडी पडते ती ऐन उन्हात, शिवाय भांगाचे, म्हणजे कमी भरती-ओहोटीचे दिवस असल्याने पाणी फार मागे हटतही नाही. सुट्टी नेमकी तेव्हाच असेल तर दिवेआगर, शेखाडी, आरावी, श्रीवर्धन हा भाग घ्या. तिथे समुद्राला लागून डांबरी रस्ता आहे, ओहोटीची वाट पाहावी लागत नाही.

हा हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतो. टप्पा आखायला तो पुरतो. मात्र खडकाळ टोकाला वळसा घालायचा असेल तर जवळच्या बंदराचं भरती-ओहोटीचं वेळापत्रकच बघा. लोक फसतात ते याच ठिकाणी. ओहोटीनंतर पहिला तासभर पाणी जेमतेम हलतं, म्हणून माणूस निवांत असतो. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मात्र एकूण चढणाऱ्या पाण्यातलं निम्मं पाणी येतं. हरिहरेश्वरची प्रदक्षिणेची वाट म्हणूनच पूर्ण ओहोटीलाच करावी. तिथे लाटांनी माणसं ओढून नेली आहेत.

प्रश्न : खाड्या कशा ओलांडायच्या? (नाशिकरोड)

उत्तर : मोठ्या खाड्यांवर फेरीबोटी आहेत आणि त्या पायी प्रवाशांनाही घेतात. राजपुरी खाडीवर आगरदांडा ते दिघी, सावित्रीवर बागमांडला ते वेश्वी, वाशिष्ठीवर दाभोळ ते धोपावे, शास्त्रीवर तवसाळ ते जयगड. रेवदंड्याला कुंडलिकेवर पूल आहे. टप्पा शक्यतो खाडीच्या अलीकडच्या गावात संपवा आणि पुढचा पलीकडच्या धक्क्यावरून सुरू करा. ओहोटीला खाडी गुडघाभर दिसली तरी चालत उतरू नका. मुखाशी ओढ जबर असते आणि गाळात पाय मांडीपर्यंत रुततो.

प्रश्न : वाळूत चालून तिसऱ्या तासाला फोड येतात आणि उजवा गुडघा दुखतो. बूट चुकतोय का? (सिडको)

उत्तर : गुडघ्याचा दोष बहुधा किनाऱ्याच्या उताराचा. दक्षिणेकडे चालताना समुद्र उजवीकडे, म्हणजे उजवं पाऊल कायम खालच्या बाजूला पडतं. ओहोटीच्या रेषेजवळ वाळू जवळपास सपाट असते, तिथून चाला. फोड येतात ते ओल्या मोज्यात अडकलेल्या वाळूने. पातळ, लवकर वाळणारे मोजे वापरा, दर तासाला बूट झटका आणि टाच गरम वाटली की तिथेच थांबून कागदी चिकटपट्टी लावा. फोड आल्यावर लावून उपयोग नाही. खडकांवर अनवाणी नकोच, खडकाला चिकटलेल्या कालवांच्या (शिंपल्यांच्या) कडा ब्लेडसारख्या कापतात.

पाणी मात्र नाशिकच्या अंदाजाने नेऊ नका. आपल्या कोरड्या हवेत घाम वाळतो आणि अंग निवतं. दमट हवेत तो नुसता निथळतो, अंग तापलेलंच राहतं. तासाला अर्धा ते पाऊण लिटर धरा, सोबत मीठ-साखर.

प्रश्न : पावसाळ्यात गेलं तर? (पंचवटी)

उत्तर : नको. वाळूची पट्टी लाटांखाली जाते आणि एरवी कोरडे असलेले ओढे वाहू लागतात. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम.