विमानाचा भाग हवेतच निखळला तर?

वय 52. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये गुणवत्ता तपासणीचे सुपरवायझर. मुलगी बंगळूरला, तिचं पहिलं बाळंतपण दोन महिन्यांवर आलेलं. पत्नीने विमानाची दोन तिकिटं काढली. यांनी आपलं रद्द करून उद्यान एक्स्प्रेसचं आरक्षण केलं. त्यावरून घरात खटके उडाले आणि शेवटी मुलीच्या आग्रहाखातर ते समुपदेशनाला आले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. प्रश्न बदललेला नाही, कारण तो हल्ली बरेच जण विचारतात.)

"मॅडम, मला उंचीची भीती नाही, वादळाचीही नाही. तीस वर्षं मी नटबोल्ट तपासतोय. हादऱ्यांनी बोल्ट ढिला होतो, रोज बघतो. मग विमानाचा का होणार नाही? आणि झाला तर?"

फोनमध्ये त्यांनी क्लिपा जमवल्या होत्या. 12 सप्टेंबर 2025ला कांडल्याहून मुंबईला निघालेल्या क्यू400 विमानाचं बाहेरचं चाक उड्डाणाच्या वेळीच निखळलं, तो व्हिडिओ. मार्च 2024मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून ओसाकाला निघालेल्या बोइंग 777चं चाक विमानतळाच्या पार्किंगमधल्या गाड्यांवर पडलं, तो. फेब्रुवारी 2021ची, डेन्व्हरवरून उडालेल्या 777चं जळतं इंजिन दाखवणारी. आणि जानेवारी 2024ची, पोर्टलंडहून निघालेल्या 737 मॅक्स 9च्या भिंतीला पडलेल्या भगदाडाची.

अशा माणसाला घरचे "असं काही होत नसतं" म्हणून गप्प करतात. त्याने भीती वाढते, कारण असं होतं हे त्याला माहीत असतं. आता आपल्याशी खरं बोलणारं कुणीच नाही, असं त्याला वाटू लागतं. समुपदेशकानेही तोच धीर दिला, तर पहिल्याच बैठकीत विश्वास जातो. म्हणून त्यांना सरळ सांगितलं: भाग सुटतात. आपण एकेक घटना शेवटपर्यंत बघू.

कारण त्यांच्या सगळ्या क्लिपा एकाच जागी संपत होत्या, भाग सुटतो त्या क्षणी. विमान उतरताना एकाही क्लिपमध्ये दिसत नव्हतं. घरी करायचं काम म्हणून तीन रकान्यांची वही ठरली: काय सुटलं, त्या भागाचं काम काय होतं, पुढे काय झालं.

पुढच्या बैठकीला वही भरून आली. क्यू400च्या मुख्य पायाला दोन-दोन चाकं असतात. राहिलेल्या चाकावर विमान मुंबईत सुखरूप उतरलं. 777च्या प्रत्येक मुख्य पायाला सहा चाकं असतात. एक गेलं तरी पाच उरली, विमान लॉस एंजेलिसला वळवून नीट उतरवलं. डेन्व्हरच्या विमानात धातूच्या थकव्याने (पुन्हा पुन्हा भार पडून भेगा जातात, त्याने) इंजिनातल्या पंख्याचं पातं तुटलं आणि इंजिनाच्या तोंडाचं मोठं कडं खाली वस्तीत पडलं, पण दोन इंजिनांचं विमान एका इंजिनावर परत येऊ शकेल असंच बांधलेलं असतं. ते आलं, कुणी जखमी झालं नाही.

चौथ्या घटनेपाशी मात्र ते अडले, आणि अडणं योग्यच होतं. मॅक्स 9च्या भिंतीत न वापरलेल्या दाराच्या जागी एक झाकण बसवतात. आतल्या हवेचा दाब त्याला बारा जागी चौकटीच्या थांब्यांवर रेटून धरतो. ते वर सरकून थांब्यांवरून सुटू नये एवढ्यासाठी चार बोल्ट असतात. कारखान्यात शेजारच्या रिव्हेटांच्या दुरुस्तीसाठी झाकण उघडलं गेलं, त्याची नोंद झाली नाही, आणि चारही बोल्ट परत लागले नाहीत. झाकण हळूहळू वर सरकत गेलं आणि एके दिवशी सुटलं. विमानात 171 प्रवासी आणि सहा कर्मचारी होते. भगदाडालगतच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या. काही जणांना किरकोळ इजा झाली, सगळे वाचले.

"म्हणजे बोल्ट ढिला झालाच नव्हता," ते म्हणाले. "नोंद नाही, म्हणून तपासणी नाही. आमच्याकडे जॉब कार्डाशिवाय पान्हा लावला तर मी माणसाला घरी पाठवतो." त्यांना राग आला होता, आणि त्या रागाने भीतीला पहिल्यांदा नेमका आकार दिला. "विमान सुटून पडतं" ही धूसर धास्ती होती. "एका कामाची नोंद राहिली" हा त्यांच्या रोजच्या धंद्यातला, समजणारा दोष होता. त्या घटनेनंतर अमेरिकी नियामकाने तशी 171 विमानं तपासणी होईपर्यंत जमिनीवर ठेवली, हेही त्यांनी वहीत लिहिलं.

मग त्यांनी आपणहून पाचवी ओळ घातली. 4 नोव्हेंबर 2025, अमेरिकेतलं लुइव्हिल: मालवाहू एमडी-11चं डावं इंजिन, त्याला पंखाशी जोडणाऱ्या सांगाड्यासकट सुटलं, विमान कोसळलं, माणसं गेली. तिसरा रकाना इथे गोड होत नाही, आणि तो तसा करायचाही नाही. जोडणीच्या भागात थकव्याच्या भेगा सापडल्या आणि त्या जातीच्या विमानांची उड्डाणं थांबवली गेली. ज्या भागावर भार आहे तो सुटला तर माणसं मरू शकतात, हे वाक्य आम्ही वहीत तसंच ठेवलं. भीती घालवण्याच्या नादात सत्य कापलं, तर पुढच्या बातमीला सगळं काम वाहून जातं.

भार कुणावर आहे, हा प्रश्न त्यांना फार उपयोगी पडला. जमिनीवर सापडणारे बहुतेक तुकडे छोटी झाकणं, हवा कापण्यासाठी लावलेली आच्छादनं, टायरचे पापुद्रे असे असतात. गाडीची व्हील कॅप पडली म्हणून चाक पडत नाही, तसंच. पंखाच्या मागच्या कडेला स्थिर वीज सोडणाऱ्या बारीक काड्या असतात. त्यांपैकी काही नसल्या तरी उडायला परवानगी असते. कोणता दुय्यम भाग नसताना, किती वजन कमी करून उडता येईल, याची प्रत्येक जातीच्या विमानासाठी मंजूर यादीच असते. यादीत नसलेला भाग गायब असेल तर विमान हलत नाही. पंखावर चंदेरी पट्टी चिकटवलेली दिसली की प्रवासी फोटो काढतात. ती ॲल्युमिनियमची, तेवढ्याच कामासाठी मंजूर असलेली पट्टी असते आणि खाली मुख्य सांगाडा शाबूत असतो.

भार घेणाऱ्या भागांचा हिशेब वेगळा. सेवेत येऊ शकेल अशा सर्वांत मोठ्या भाराच्या दीडपट भार सांगाड्याने पेलावा असा नियम आहे. 1995मध्ये बोइंगने 777चा पंख मुद्दाम मोडेपर्यंत वाकवला. तो 154 टक्क्यांना मोडला, तोवर त्याचं टोक सात मीटरहून अधिक वर गेलं होतं. खिडकीतून पंख हलताना दिसतो, तो हलावा म्हणूनच तसा बांधलेला असतो.

राहिला ढिला होणारा बोल्ट. विमानात महत्त्वाच्या जागी नुसत्या आवळण्यावर भरवसा ठेवत नाहीत. टॉर्क रेंचने ठरलेल्या मापाला आवळतात, मग कॅसल नटमध्ये (खाचा असलेल्या नटमध्ये) तो फिरू नये म्हणून स्प्लिट पिन घालतात किंवा दोन बोल्टांच्या डोक्यांतून लॉकिंग वायर अशी पिळतात, की एक ढिला व्हायला लागला तर दुसरा आवळला जाईल. बऱ्याच ठिकाणी नट आणि पृष्ठभाग यांवरून रंगाची रेघ ओढतात. रेघ तुटली म्हणजे नट फिरला, हे टॉर्चच्या उजेडात लगेच दिसतं. नियंत्रणाच्या भागांवरचं काम दुसऱ्या स्वतंत्र माणसाने पुन्हा तपासायचं, आणि परवानाधारक अभियंत्याची सही झाल्याशिवाय विमान सोडायचं नाही. शिवाय प्रत्येक उड्डाणाआधी वैमानिकांपैकी एकजण विमानाभोवती फेरी मारतो. रेघेचं ऐकल्यावर ते एकदम म्हणाले, "आम्हीपण मारतो!" नागपूरला मिहानमध्ये मोठ्या विमानांची अशी कामं चालतात, हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

पण माहितीने भीतीचा अर्धाच भाग सुटतो. उरलेला अर्धा सवयींचा होता. पत्नी एकदा दिल्लीला गेली तेव्हा त्यांनी पूर्ण वेळ ॲपवर विमानाचा ठिपका पाहिला होता. तिकीट काढण्याआधी ते विमानाचं वय शोधत. (नुसतं वय फसवं असतं. 1988मध्ये अमेरिकेच्या हवाई बेटांजवळ ज्या 737चं छत उडालं आणि एक हवाई सेविका दगावली, ते 19 वर्षांचं होतं. खरी गोष्ट होती त्याची 89,680 उड्डाणं आणि खारी हवा. जुन्या विमानांच्या कडक तपासण्या त्यानंतर आल्या.) अशा प्रत्येक शोधाने दहा मिनिटं बरं वाटतं आणि मेंदू शिकतो की शोधलं म्हणून वाचलो. म्हणून ठिपका पाहणं बंद, बातम्यांच्या सूचना बंद, आणि काळजीसाठी रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं राखून. इतर वेळी विचार आला की कागदावर टिपायचा आणि त्या वेळेपर्यंत ढकलायचा.

मग भीतीची शिडी. शून्य ते दहा मोजायचं. उभ्या विमानाचा फोटो दोनवर, केबिनचा आवाज इअरफोनवर ऐकणं चारवर, कांडल्याची क्लिप आणि लगेच ते विमान उतरल्याची बातमी सहावर, कुणाला तरी सोडायला लोहगाव विमानतळावर जाणं सातवर. नियम एकच: भीती निम्म्यावर येईपर्यंत तिथून उठायचं नाही. शिखरावर असताना पळून गेलं की भीती पक्की होते.

आकडे शेवटी काढले. आयएटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या हिशेबाने 2024मध्ये जगात चार कोटींहून अधिक उड्डाणं झाली आणि जीवघेणे अपघात सात झाले; भारतात 2022मध्ये रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली. ते रोज दुचाकीने कामाला जातात. "ती माझ्या हातात असते," ते म्हणाले. बरोबर आहे. भीती धोक्याची कमी आणि हातात काही नसण्याची जास्त होती, हे त्यांच्याच तोंडून आलं. अहमदाबादचा विषयही निघाला. तिथे 12 जून 2025ला 260 माणसं गेली. प्राथमिक अहवालात इंजिनांच्या इंधनाचे स्विच बंद स्थितीत गेल्याचं आहे, भाग गळल्याचं नाही. पण त्या दिवशीच्या दुःखावर युक्तिवाद करायचा नसतो. ते ऐकून घेतलं.

प्रवासासाठी आवाजांची यादी त्यांच्या खिशात होती. ए320 जातीचं विमान विमानतळावर उभं असताना पायाखालून करवत चालल्यासारखा आवाज येतो, तो हायड्रॉलिकचा, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणेचा. उड्डाणानंतर काही सेकंदांत धप्प होतं, चाकं आत गेली. हजार-दीड हजार फुटांवर इंजिनाचा आवाज उतरतो आणि पोटात गोळा येतो. जोर ठरवून कमी केलेला असतो. उतरण्याआधी पंखाची मागची बाजू सरकते, फटी दिसतात. टेकल्यावर पंखावरच्या फळ्या उभ्या राहतात. दोन्ही तसंच व्हायला हवं. पट्टा मात्र खूण विझल्यावरही बांधलेला ठेवायचा, पोर्टलंडच्या घटनेतून घ्यायचं ते हे. मास्क खाली आले तर आधी स्वतःला लावायचा. 35,000 फुटांवर शुद्ध अर्धा ते एक मिनिटच टिकते. त्यानंतर विमान झपाट्याने दहा हजार फुटांकडे उतरवतात. ते पडणं नसतं.

जाताना ते विमानाने गेले, सुरुवातीला भीती सातवर. परतीच्या आदल्या रात्री नवी क्लिप पाहिली आणि रेल्वेने आले. बाळाच्या बारशाला पुन्हा विमानाने, तेव्हा पाचवर. पंखाशेजारची खिडकी अजून टाळतात.

अशा प्रवासाआधी कुणाच्या सल्ल्याने गोळी घेऊ नका, दारूही नको. भीतीमुळे झोप, नोकरी किंवा घर अडत असेल तर मनोविकारतज्ज्ञांना भेटा; औषध लागेल का ते त्यांनाच ठरवू द्या. शेजारी बसणाऱ्याने "घाबरू नका" म्हणू नये. "आत्ता किती, दहापैकी?" विचारावं, आकडा ऐकून घ्यावा, चार मोजत श्वास आत आणि सहा मोजत बाहेर असा सोबत घ्यावा, आणि पाच मिनिटांनी तोच प्रश्न परत विचारावा.