लीदोंग आलंय, जाड मोजे बाहेर काढलेस का?

अरे, काल फोनवर म्हणालास ना की ताई, इथे चीनमधल्या कॅलेंडरमध्ये हिवाळा सुरू झालाय आणि बाहेर तर मस्त ऊन पडलंय, तेव्हा मी नुसती हसले, म्हणून आता नीट लिहिते.

लीदोंग म्हणजे हिवाळ्याचा उंबरठा, 7 नाहीतर 8 नोव्हेंबरला येतो. सूर्याच्या वर्षभराच्या वाटेचे 15-15 अंशांचे 24 तुकडे केलेत, त्यातला हा 19वा. चंद्राशी काही देणंघेणं नाही, म्हणून आपल्या संक्रांतीसारखी तारीख फारशी हलत नाही. हा हिशोब बसवला उत्तरेकडे, पिवळ्या नदीच्या खोऱ्यात, त्यामुळे दूर दक्षिणेला ग्वांगझोऊचा तुझा मित्र अजून हाफ शर्टात असेल तर त्यात कॅलेंडरची चूक नाही. पूर्वी म्हणे या दिवशी राजा मंत्र्यांना घेऊन राजधानीच्या उत्तरेला जायचा, हिवाळ्याला सामोरं जायला, पाहुण्याला वेशीवर जाऊन घेऊन येतात ना तसं. मला हे फार आवडतं.

आता कामाचं. बीजिंगमध्ये सरकारी हीटिंग साधारण 15 नोव्हेंबरला चालू होतं, त्याच्या आधीचा हा आठवडा खरा बेकार, कारण खोली बाहेरपेक्षा गार वाटते. पहिल्या वर्षी मी लॅपटॉपचा गरम चार्जर मांडीवर घेऊन अॅनाटॉमी पाठ केलीये. तू असलं करू नकोस, गरम पाण्याची पिशवी आण. हीटिंग आलं की हवा इतकी कोरडी होते की ओठ फुटतात, तेव्हा रेडिएटरजवळ पाण्याचं भांडं ठेव.

आणि कोणी ज्याओझ, म्हणजे सारण भरलेले डंपलिंग, करायला बोलावलं तर 'अभ्यास आहे' सांगून टाळू नकोस. मला त्यांच्यासारख्या चुण्या जमेनात, म्हणून मी सरळ करंजीची मुरड घातली, तर मैत्रिणीची आई माझा हात धरून परत परत बघत बसली, आणि मग उरलेल्या सगळ्या मलाच करायला लावल्या!

21-22 डिसेंबरला दोंगझी, सगळ्यात मोठी रात्र. त्या दिवसापासून नऊ-नऊ दिवस मोजायचे, नऊ वेळा, म्हणजे 81 दिवस. पहिल्या दोन नवांत हात खिशाबाहेर काढायचे नाहीत, तिसऱ्या-चौथ्यात बर्फावरून चालायचं, पाचव्या-सहाव्यात नदीकाठी विलोची झाडं बघायला जायचं, असं त्यांचं गाणंच आहे. जुने लोक नऊ फुलांची डहाळी काढायचे, प्रत्येक फुलाला नऊ पाकळ्या, रोज एक रंगवायची. घरची फार आठवण यायची तेव्हा मला याचा जेवढा उपयोग झाला तेवढा व्हिडिओ कॉलचा नाही झाला, कारण कॉल ठेवला की खोली आणखी रिकामी वाटायची, आणि इथे निदान एक पाकळी लाल झालेली दिसायची.

माझा कागद अजून आहे, चौथ्या फुलाच्या तीन पाकळ्या कोऱ्याच राहिल्यात, ताप होता तेव्हा. फोटो पाठवते, पण तुझा तू काढ, आणि लाल स्केचपेन आत्ताच घेऊन ठेव.

तुझी ताई