फोड गेले, आग राहिली

प्रश्न : माझे वय 61 वर्षे आहे. चार महिन्यांपूर्वी छातीच्या डाव्या बाजूला नागीण उठली होती. फोड केव्हाच सुकले. पण त्याच जागी अजूनही आग होते, मध्येच विजेचा झटका बसल्यासारखी कळ येते आणि सदऱ्याचे कापड घासले तरी सहन होत नाही. ईसीजी आणि टू-डी इको व्यवस्थित आहेत. पॅरासिटामॉलने फरक पडत नाही. हे हृदयाचे तर नसेल ना? आणि ते जाईल का?

उत्तर : आपल्या वर्णनावरून हे नागिणीमागे उरलेले मज्जातंतूचे दुखणे दिसते. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचा विषाणू मणक्यालगत मज्जातंतूच्या मुळाशी वर्षानुवर्षे निपचित पडून राहतो आणि वयोमानाने किंवा आजारपणाने प्रतिकारशक्ती उणावली की त्याच तंतूच्या वाटेने त्वचेवर येतो. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला आतून एक खाच असते. तिच्या आडोशाने हा तंतू पाठीकडून पुढे येतो आणि शरीराच्या मध्यरेषेपाशी संपतो. नागीण हे नाव विळखा सुचवते खरे, पण ती बहुधा अर्ध्यावरच थांबते, ती यामुळेच. घरातील कोणाला तरी कापसाचा बोळा पाठीपासून छातीपर्यंत हलकेच फिरवायला सांगा. जिथे तो बोचतो तो पट्टा पेनाने आखून डॉक्टरांना दाखवलात, तर निदानाला मोठी मदत होईल.

फोड सुकले म्हणजे त्वचा बरी झाली, तंतू नव्हे. इजा झालेला तंतू कारण नसताना वेदनेचे संदेश धाडत राहतो, आणि अशा दुखण्यावर नेहमीच्या वेदनाशामकांचा फारसा उपयोग होत नाही. त्यासाठी गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन किंवा अमिट्रिप्टिलिन यांपैकी एखादे औषध अल्प मात्रेत सुरू करून हळूहळू वाढवतात. गुण दिसायला काही आठवडे लागतात; अनेक रुग्ण मात्र आठवडाभरातच, गुंगी येते म्हणून किंवा 'हे तर नैराश्यावरचे औषध' असे वाचून, ते परस्पर बंद करतात. मूत्रपिंडाचा विकार, काचबिंदू, प्रोस्टेटचा किंवा हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असल्यास तो आधीच सांगावा, कारण औषधाची निवड आणि मात्रा त्यावर ठरते. लिडोकेन या बधिर करणाऱ्या औषधाची पट्टी जखम नसलेल्या त्वचेवर 24 तासांत 12 तासांपर्यंत लावता येते. एवढ्याने न भागल्यास वेदनातज्ज्ञ तंतूजवळ भूल देणारे इंजेक्शन देऊ शकतात.

ज्यांना नागीण झालेली नाही त्यांनाही असे दुखणे होऊ शकते : बरगडीचा अस्थिभंग, छातीची शस्त्रक्रिया, मधुमेह, पाठीच्या मणक्यांतील सरकलेली चकती ही त्याची काही कारणे. बरगडी छातीच्या हाडाला मिळते तिथे दाबल्यावरच दुखत असेल, तर दोष बहुधा कूर्चेचा असतो.

आपल्या तपासण्या चांगल्या आल्या असल्या, तरी ईसीजी हा त्या वेळेपुरताच असतो. छातीवर नवा दाब जाणवला, कळ हाताकडे किंवा जबड्याकडे गेली, घाम फुटला किंवा दम लागला, तर 'नसेचेच असेल' म्हणून थांबू नका. तत्काळ रुग्णालय गाठा.

हे दुखणे बहुतेकांचे काही महिन्यांत ओसरत जाते. काहींचे मात्र वर्षाहून अधिक काळ टिकते. तोवर सैल, फडफडणाऱ्या सदऱ्याआत अंगाला बेताचा बसणारा मऊ बनियन घालून पाहा. सततच्या घासण्यापेक्षा तो पुष्कळांना सुसह्य वाटतो.