आम्ही वेगळा करतो, गाडीत एकत्र होतो!

प्रश्न : वर्षभर आम्ही ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवतोय. बाटल्या, पिशव्या धुऊन, वाळवून देतो. पण गाडीवाला दोन्ही डबे एकाच खणात ओततो. सासूबाई म्हणतात, "कशाला जीव आटवतेस?" चुकतंय कोणाचं?

उत्तर : ताई, तुमचं चुकत नाही, आणि गाडीवाल्याचंही फारसं नाही. गाडीला खणच एक दिलाय, तर तो तरी काय करणार? मी बावीस वर्षं एका पालिकेच्या कचरा विभागात होतो. वर्गीकरण केंद्रावर आलेली रद्दी हातात घेऊन बघायचो. कोरडी असली की गठ्ठा बांधून थेट कागद कारखान्याला. उष्ट्याचं पाणी मुरलेली असली की बोटांना चिकटायची, दुपारपर्यंत आंबूस वास मारायची. ती कुणी घ्यायला तयार नसे. कुणीतरी घरी निगुतीने वेगळा केलेला कागद तो. आजही आठवलं की जीव हळहळतो.

"लोकांनाच सवय नाही" असं साहेब लोक म्हणतात, तेव्हा मला इटली आठवते. २००७ च्या अखेरीस नेपल्समध्ये कचरा उचलणंच थांबलं. कचराभूमी भरल्या होत्या, पर्याय वेळेवर उभे राहिले नव्हते. रस्तोरस्ती ढीग साचले. त्याच कांपानिया प्रांतातल्या सालेर्नोच्या पालिकेने २००८ मध्ये दारोदार, ठरल्या वारी, वेगवेगळा कचरा गोळा करायला घेतला आणि साधारण वर्षभरात वेगळ्या कचऱ्याचं प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास नेलं. मग नेपल्सची माणसं आळशी आणि सालेर्नोची तेवढी शहाणी, असं कसं म्हणायचं?

तुमच्याकडची गोम बहुधा कंत्राटात असेल. ठेकेदाराला टनामागे पैसे मिळत असतील, तर पाण्याने जड झालेला एकत्र कचरा त्याच्या फायद्याचाच. म्हणून गाडीवाल्याशी भांडू नका, पालिकेकडे कंत्राटाची प्रत मागा. पैसे कशावर मोजतात, गाडीला दोन खणांची अट आहे का, सुका कचरा शेवटी जातो कुठे आणि त्याच्या वजनाची पावती कोण तपासतं, हे लेखी विचारा. एकट्या जाऊ नका. आसपासच्या दहा-वीस घरांच्या सह्या घेऊन जा. एकटीचा अर्ज फायलीत पडून राहतो, हे मी आतून पाहिलंय.

तोवर रद्दी आणि बाटल्या गाडीत टाकूच नका. साठवा आणि थेट भंगारवाल्याला द्या. ओला तेवढा गाडीत जाऊ द्या.