गेममध्ये चांगलं-वाईट निवडायला देतात, त्याने खरंच काही फरक पडतो का?

पडतो, पण शेवट बदलतो म्हणून नाही. आमच्या सिंधुदुर्गात दशावतार बघितला असेल तर पटकन कळेल, आख्यान ठरलेलं असतं, राक्षस शेवटी मरणारच, पण संवाद कोणी लिहून दिलेले नसतात, नट उभ्या उभ्या बोलतात आणि लोक रात्रभर त्यासाठीच बसतात. टेलटेल कंपनीचा ‘द वॉकिंग डेड’ (२०१२) हा गेम तसाच, काहीही निवडा गोष्ट फिरून साधारण तिथेच येते, पण क्लेमेंटाईन नावाची ती लहान पोरगी सगळं बघतेय म्हटल्यावर खोटं बोलताना बोट अडखळतंच.

मला विचाराल तर ‘पेपर्स, प्लीज’ हा गेम खेळा, २०१३ चा, लुकास पोपने बनवलेला. तुम्ही सीमेवरचे तपासनीस, कागद बघायचे नि शिक्का मारायचा. एकाचे कागद बरोबर असतात, मागून त्याची बायको येते, तिच्याकडे परमिट नाही. सोडली तर चूक लागते, दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना नुसती ताकीद, तिसरीपासून पैसे कापतात, आणि त्याच पैशात घरभाडं, जेवण, हीटिंग. म्हणजे दया दिवसाला दोनदाच फुकट! मी तिला सोडलं आणि तेवढ्यात लाईट गेली (पावसात आमच्याकडे रोजचंच), तो दिवस परत पहिल्यापासून खेळावा लागला, या वेळी ती येईपर्यंत माझ्या दोन चुका झालेल्या, मग नाही सोडलं तिला.

ते चांगुलपणाचा मीटर दाखवणारे गेम मात्र नकोत, तिथे आपण नुसते मार्क मिळवत बसतो.